एक शंका होती, रब्बेनू

शुक्रवारची सकाळ आहे आणि तुम्ही गाढवावर बसला आहात. लाजू नका, इथे भलेभले बसतात. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची गाढवं उभी होती. गाढववाल्याने तुमचं नाणं दोनदा उलटंपालटं करून पाहिलं, कमरेला खोचलं आणि गाढवाला अशी एक थाप मारली, की तुम्ही थेट बाजाराच्या गर्दीत येऊन पोचलात. आता मान खाली! उंटाच्या पाठीवरून लोंबणारी पखाल डोक्याला घासून जाते आणि गार पाण्याचा ओघळ मानेवरून पाठीत उतरतो. त्या भिश्त्याला मनातल्या मनात दुवा द्या. सकाळपासून गार असं एवढंच तुमच्या वाट्याला आलं आहे.

हे फुस्तात. नाईलच्या काठचं जुनं शहर. बाराव्या शतकाची शेवटची वर्षं चालू आहेत. सुलतानाचे वाडे तिकडे उत्तरेला, कैरोत. खरेदी-विक्री, भांडणतंटे आणि पोराबाळांचा कालवा मात्र इथे. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायका हात लांबवून एकमेकींना मीठ देतात. घरं चार-पाच मजली, गिरगावातल्या चाळींसारखी माणसांनी गच्च भरलेली. नाक उघडं ठेवा. उसाचा रस आटतोय तो गोड, जळका वास साखरेच्या कारखान्यातून येतोय. त्यात हमामच्या भट्टीचा धूर मिसळलाय, कारण भट्टीत वाट्टेल तो कचरा घालतात. आणि पायाशी? तिकडे बघू नका. मेलेली मांजरं लोक गल्लीतच टाकून देतात. इब्न रिदवान नावाच्या इथल्याच एका जुन्या हकिमाने त्याबद्दल लेखी तक्रार करून ठेवली आहे. गल्लीला तिचा पत्ता नाही.

तुमच्या अंगरख्याच्या रुंद बाहीत घडी केलेला एक कागद आहे. इथे बाही हाच खिसा. कागद हाताने चाचपून बघा, आहे ना? त्याच्या वरच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरात मजकूर आहे. भाषा अरबी, लिपी हिब्रू. इथले ज्यू घरात, दुकानात, पत्रात असंच लिहितात. खालचा अर्धा भाग मुद्दाम कोरा सोडलाय. उत्तर तिथे यायचं आहे. आणि ज्यांनी ते द्यायचं, त्यांना सगळं फुस्तात रब्बेनू मोशे, म्हणजे 'आमचे गुरू मोशे', म्हणतं. मुसलमान शेजारी मूसा इब्न मैमून म्हणतात. पुढे जग त्यांना मायमोनिडीस म्हणून ओळखेल, आणि ज्यू अभ्यासक त्यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून रम्बाम.

कागद दिला तेव्हा त्या बाईंनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. लहानपणीच लग्न झालं. नवरा घर सोडून परगावी गेला, तो वर्षानुवर्षं आला नाही. पोरांना खायला काय घालायचं? भाऊ लहान मुलांना तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायला शिकवायचा. त्या त्याच्याबरोबर शाळेत बसू लागल्या, स्वतः शिकल्या, मग शिकवू लागल्या. शाळा चालली. आता नवरा परत आलाय आणि म्हणतोय, बंद कर. मुलांचे बाप शाळेत येतात-जातात, त्याला ते खपत नाही.

"शाळा म्हणजे दुकान नव्हे," बाई म्हणाल्या. "दुकान आज बंद केलं तर उद्या उघडता येतं. मुलं एकदा दुसरीकडे गेली की गेली. हे पुन्हा निघून गेले तर मी काय करू? तेवढं रब्बेनूंना विचारा."

तर तो प्रश्न तुमच्या बाहीत आहे. पण आज शुक्रवार. सूर्य मावळायच्या आत शहराला शंभर कामं उरकायची आहेत. आधी मुक्कामाचं घर गाठा.

वाटेत कस्र अश्-शम्मा लागतो, रोमनांनी बांधलेला जुना किल्ला. त्याच्या भिंतींच्या आत ज्यूंची दोन सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं, आहेत. एकाच्या दारात झुंबड उडाली आहे. आज भाकऱ्या वाटायचा दिवस. मंगळवारी आणि शुक्रवारी इथे गरिबांना भाकरी मिळते. सेवक यादी हातात धरून नावं पुकारतोय: आंधळा अमुक, तमुकची विधवा, परगावाहून आलेला परका. त्या यादीत कुणाला किती भाकऱ्या, तेही लिहिलेलं आहे. ताज्या भाकरीची वाफ तुमच्या तोंडावर येते आणि पोटात आवाज होतो. पुढे चला, ही तुमच्यासाठी नाही.

बाजारात मावशी भेटतील. तुम्ही त्यांच्याकडे तिसऱ्या मजल्यावर उतरणार आहात. मावशी चीजवाल्याशी हुज्जत घालतायत. चीज समुद्रापलीकडून आलंय आणि मावशींना दाखला बघायचाय. कसला दाखला? तर हे चीज धर्माच्या नियमांप्रमाणे, आपल्या माणसांच्या देखरेखीखाली बनलंय, असा तिकडच्या ज्यू न्यायपंचांनी सह्या करून दिलेला कागद. चीजवाला तो पेटीतून काढतो. मावशी सह्या निरखून बघतात, मग हुंगून चीज बघतात. कायदा कागदावर आणि चीज नाकाला, दोन्ही पटलं तरच पैसे सुटतात.

दुपार कलते आणि घराचा वेग वाढतो. गहू आणि मांस एकत्र शिजवून घोटलेल्या हरीशाचं भांडं निखाऱ्यावर चढवलं जातं, कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, स्वयंपाक करायचा नाही. जे उद्या खायचं ते आज शिजलं पाहिजे आणि रात्रभर ऊन राहिलं पाहिजे. मुलांना न्हाऊ घातलं जातंय, एक जण साबणाने डोळे चुरचुरतात म्हणून भोकाड पसरतोय. सूर्य खाली उतरतोय. "वात! वात कुठे ठेवलीस?" मावशी ओरडतात. दिवा लागतो, तेलाचा मंद वास खोलीभर पसरतो, आणि इतका वेळ चाललेली धावपळ एकाएकी थांबते.

आता खिडकीतून खालच्या मजल्याकडे बघा. तिथे मिट्ट काळोख आहे. सगळे घरात आहेत, बोलण्याचे आवाजही येतात. मग दिवा का नाही? ते कराईत आहेत. तेही ज्यूच, तोराही तीच. पण ते तोराच्या शब्दापलीकडे ताल्मुदची, म्हणजे रब्बींनी, धर्मपंडितांनी, पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या चर्चेची, सत्ता मानत नाहीत. शब्बाथला तुमच्या घरात अग्नी पेटवू नका, असं तोरात आहे. मावशींच्या पंथाचे लोक म्हणतात, पेटवायचा नाही, पण आधी पेटवलेला जळत राहिला तर चालेल, उलट घर उजळायलाच हवं. कराईत म्हणतात, अग्नी नको म्हणजे नको. एकाच ओळीचे दोन अर्थ एकाच जिन्यावर, वरखाली राहतात.

"आणि त्यांच्यात आपली सोयरीक होते?" तुम्ही विचारता.

"होते की," मावशी म्हणतात. "करारात लिहून घ्यायचं."

खरंच लिहून घेतात. अशा लग्नांचे करार आजही वाचायला मिळतात. नवरा रब्बींच्या पंथाचा असेल तर तो कबूल करतो, की बायकोच्या देखत शब्बाथचा दिवा लावणार नाही आणि तिच्या पंथाला वर्ज्य असलेली चरबी व मांस तिच्यासमोर आणणार नाही. बायको कबूल करते, की त्याचे सण त्याच्या पंचांगाप्रमाणे पाळीन आणि माझे माझ्या. शास्त्रार्थावर पंडित जन्मभर भांडतील. संसार कोणत्या कलमांवर उभा राहील, ते आईबाप साक्षीदारांसमोर एका दुपारी ठरवून टाकतात.

झोपा आता. गच्चीवर अंथरूण टाकलंय. वारा नाईलकडून येतोय आणि त्याला ओल्या गाळाचा वास आहे.

सकाळी निघताना बाहीला हात लावता तोच मावशी अडवतात. "कागद घरात ठेवा. आज शब्बाथ. रस्त्यातून काही वाहून न्यायचं नाही. आणि नेऊन करणार काय? रब्बेनू आज लेखणीला हात लावणार नाहीत." शब्बाथला लिहिणं वर्ज्य. बाईंचा प्रश्न एक दिवस थांबेल. तुम्ही मोकळ्या हातांनी खाली उतरता, आणि आठवडाभर ज्या हातांत काही ना काही होतं, त्यांचं काय करायचं ते पहिली काही पावलं कळत नाही.

कोणत्या सिनेगॉगमध्ये जायचं? एक शामींचं, म्हणजे पॅलेस्टाईनची रीत पाळणाऱ्यांचं. दुसरं इराकींचं, बाबिलोनची रीत पाळणाऱ्यांचं. इराकी तोराची पाच पुस्तकं दर शब्बाथला एक भाग याप्रमाणे वर्षात वाचून संपवतात. शामी त्या प्रत्येक भागाचे तीन तुकडे करतात आणि तीन वर्षांत पोचतात. त्यामुळे एकाच सकाळी, शेजारशेजारच्या दोन इमारतींत, एकीकडे तोरातला मोशे मिसर, म्हणजे इजिप्त, सोडून निघालेला असतो आणि दुसरीकडे त्याच्या कितीतरी आधीचा योसेफ अजून मिसरमध्ये यायचा असतो. स्पेनहून आलेल्या तुदेलाच्या बेंजामिन नावाच्या प्रवाशाने हे पाहून लिहून ठेवलं. हेही लिहिलं, की तोरा संपल्याच्या आनंदोत्सवाला आणि तोरा मिळाल्याच्या सणाला दोन्ही मंडळी एकत्र येऊन प्रार्थना करतात. वाचनाचा वेग वेगळा, पण ज्या दिवशी सण तोराचाच असतो त्या दिवशी वेगळं बसायचं नाही.

शामींकडे चला. बाई असाल तर वेगळ्या दाराने, जिना चढून वरच्या सज्जात. पुरुष असाल तर खाली, चटया-गालिच्यांवर. तेलाचे दिवे छतातून लोंबतायत, माणसांच्या घामात गुलाबपाण्याचा वास मिसळलाय. हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारा, गळा साफ करतो आणि गाऊ लागतो. सुरेल हज्जानासाठी ही मंडळी जीव टाकतात. त्याने प्रार्थनेत नवं काव्य घातलं की माना डोलतात. रब्बेनूंना हे फारसं रुचत नाही. प्रार्थनेचे ठरलेले शब्द तोडून मध्ये कविता घालू नये, असं त्यांचं मत आहे. मंडळी मत आदराने ऐकतात आणि गाणं त्याहून आदराने.

तोराची गुंडाळी काढायची वेळ होते, आणि तेवढ्यात एक आवाज सगळ्यावरून चिरत जातो.

"थांबा! मला न्याय मिळाल्याशिवाय वाचू नका!"

एक विधवा आहे. नवऱ्याच्या भागीदाराने तिचे पैसे दाबलेत. सगळे थिजतात. तिला कुणी बाहेर काढत नाही, गप्प बस म्हणत नाही. तो तिचा हक्क आहे. ज्याची दाद कुठे लागत नाही, त्याने भरल्या सभेत प्रार्थना रोखून धरावी, ही इथली जुनी रीत. वडीलधारे तिच्याशी बोलतात, सोमवारी पंच बसतील तेव्हा तुझं प्रकरण पहिलं घेऊ म्हणतात. ती मान हलवते. मग गुंडाळी निघते. या एका रीतीसाठी मी फुस्तातला मानाचा मुजरा करीन. देवाचा शब्द आणि विधवेचा शब्द यांत आधी कुणाचा ऐकायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता जरा काही वर्षं मागे सरका, जागा न सोडता. याच प्रार्थनेत एक भाग उभ्याने, मनातल्या मनात म्हणायचा असतो. तो झाला की हज्जान तोच पुन्हा मोठ्याने म्हणतो, म्हणजे ज्यांना येत नाही त्यांचीही प्रार्थना व्हावी. हेतू सुंदर. पण बघा काय चाललंय. ज्यांचं म्हणून झालं ते शेजाऱ्याशी बोलायला लागलेत. तागाचा भाव, जावयाची तब्येत. एक जण खाकरतोय, दुसरा थुंकतोय. कुणी पाठ फिरवून बसलाय. ज्यांना प्रार्थना येत नाही ते या जाणत्यांकडे बघतात आणि समजतात, आता ऐकायची गरज नाही. मुसलमान शेजारी हे बघून ज्यूंची प्रार्थना म्हणजे थट्टा समजतात, हे रब्बेनूंना फार लागलं.

पुन्हा पुढे या. काय बदललं? दोनदा म्हणणं बंद. हज्जान एकदाच मोठ्याने म्हणतो आणि सगळे त्याच्याबरोबर हळू आवाजात. ज्यांना येतं ते म्हणतात, ज्यांना येत नाही ते ऐकतात, आणि गप्पांना फटच राहत नाही. शेकडो वर्षांची रीत रब्बेनूंनी हलवली. रीत ज्या कामासाठी होती, ते काम ती करेनाशी झाली होती. मिसरमध्ये हा बदल तीनेकशे वर्षं टिकला. सोळाव्या शतकात दाविद इब्न झिम्रा या रब्बींनी जुनी पद्धत परत आणली, कारण तोवर काळ बदलला होता आणि इतर ज्यूंपेक्षा वेगळं राहण्याचं कारण उरलं नव्हतं.

प्रार्थना संपते आणि गर्दी रब्बेनूंच्या घराकडे वळते. दर शब्बाथला असंच. तुम्हीही शिरा. चपलांचा ढीग, त्यावर तुमच्या चपला. परत मिळतील अशी आशा ठेवा. आत बसायला जागा नाही, भिंतीला पाठ लावून उभे राहा. साठीला टेकलेला एक थकलेला माणूस आत येतो. येत्या आठवड्यात समाजाने काय करायचं ते आधी सांगितलं जातं, मग थोडं वाचन, मग प्रश्न.

प्रश्नांना अंत नाही. मांसाच्या भांड्यात दुधाचा थेंब पडला तर? बायकोने माहेरी जाऊ नये अशी शपथ रागाच्या भरात घेतली, आता सोडवायची कशी? मग एक तरुण उठतो. तोरा म्हणते डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात. मग आपले न्यायपंच डोळा का काढत नाहीत?

खोली शांत होते. याचं उत्तर रब्बेनूंनी आपल्या ग्रंथात मांडलं आहे. खून करणाऱ्याच्या जिवाच्या बदल्यात पैसे घेऊ नका, असं तोराच सांगते. ही मनाई फक्त जिवाची आहे. म्हणजे अवयवाच्या बाबतीत भरपाई घ्यायची, आणि तोरातल्या मोशेच्या वारसापासून, यहोशवापासून, आजवरच्या सगळ्या न्यायसभांनी असाच निवाडा केला आहे. मग हिशेब होतो. ज्याने इजा केली त्याने पाच गोष्टींचे पैसे मोजायचे: अवयवाचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोज आणि अपमान. अपमानाचेसुद्धा! तरुण खाली बसतो. त्याच्या शेजारचा, ज्याच्या एका हाताला पट्टी बांधलेली आहे, बोटांवर काहीतरी मोजायला लागतो.

कुणी देवाच्या हाताबद्दल विचारतं, देवाच्या डोळ्यांबद्दल विचारतं. तोरात हे शब्द आहेत, मग देवाला शरीर आहे का? रब्बेनू यावर जराही सैल पडत नाहीत. देवाला शरीर नाही, आकार नाही. तोरा माणसांशी बोलते, म्हणून माणसांना कळेल अशा शब्दांत बोलते. शब्दाला चिकटून बसलात तर अर्थ हातचा जाईल.

या दिवसांत त्यांच्याकडे पत्रानेही प्रश्न येतात. ओवद्या नावाच्या माणसाचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो. जन्माने मुसलमान, मग ज्यू धर्मात आला. प्रार्थनेत 'आमच्या वाडवडिलांच्या देवा' असे शब्द येतात. त्याचे वाडवडील तर दुसरेच. त्याने ते शब्द म्हणावेत का? रब्बेनूंनी कळवलं, सगळं म्हण, एक शब्दही बदलू नकोस. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम, त्याची वाट जो धरतो तो अब्राहामचा मुलगा. फक्त 'आम्हाला मिसरमधून बाहेर काढलंस' हे शब्द बदलावेसे वाटले तर बदल, न बदललेस तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या एका प्रश्नात ओवद्याने मुसलमान मूर्तिपूजक नाहीत असं म्हटलं होतं आणि त्यावरून त्याच्या गुरूने त्याला मूर्ख ठरवून गप्प केलं होतं. रब्बेनूंनी लिहिलं, बरोबर तुझंच आहे, आणि तुझ्या गुरूने तुझी क्षमा मागितली पाहिजे.

रविवार. आता कागद बाहीत घ्या आणि दुपारी या. सकाळी रब्बेनू भेटणार नाहीत. ते दरबाराचे हकीम आहेत, पहाटेच कैरोला जातात. अंतर शब्बाथच्या दोन मर्यादांचं. वस्तीबाहेर शब्बाथला जितकं चालायची मुभा आहे, ती एक मर्यादा, साधारण एक किलोमीटर. रोज जनावरावर बसून जायचं, राजपुत्र, बेगमा, नोकरचाकर यांच्या नाड्या बघायच्या आणि दुपारी उपाशी परतायचं.

दिवाणखान्यात तुम्हाला अंग चोरून बसावं लागेल. ज्यू आहेत, मुसलमान आहेत, न्यायाधीश आहेत, शिपाई आहेत, मित्र आहेत, वैरीही आहेत. कुणी कण्हतंय, कुणाचं पोर अंगाने भाजतंय. घाम, औषधी मुळ्या, सुकलेलं रक्त. बाहेर खुरांचा आवाज येतो. रब्बेनू खाली उतरतात, हात धुतात आणि सगळ्यांची माफी मागतात: जरा थांबा, दोन घास खाऊन येतो. दिवसाचं ते एकच जेवण. मग तपासणं आणि औषधं लिहून देणं, काळोख पडेपर्यंत, कधी त्यानंतरही दोन तास. शेवटी शेवटी ते आडवे पडून बोलतात. हे सगळं त्यांनी स्वतःच 1199 साली शमुएल इब्न तिब्बोन या अनुवादकाला पत्रात कळवलं आहे.

थांबला आहात तोवर एक सांगतो. या घरात हिंदुस्थानचं नाव मोठ्याने काढू नका. रब्बेनूंचा धाकटा भाऊ दाविद जवाहिरांचा व्यापारी होता. हिंदुस्थानला निघाला आणि वाटेत समुद्रात बुडाला. सोबत घरचा आणि लोकांचा पैसा बुडाला. मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. रब्बेनू वर्षभर अंथरुणाला खिळले होते. भावाचं अक्षर दिसलं की काळीज हलतं, असं त्यांनी बऱ्याच वर्षांनी एका मित्राला लिहिलं.

तुमची पाळी. "रब्बेनू, एक शंका होती." कागद पुढे करा. ते दिव्याजवळ धरून वाचतात. चौदा भागांचा मिश्ने तोरा त्यांनी कधीच लिहून पुरा केला आहे, सगळा धर्मशास्त्राचा पसारा त्यात लावून ठेवला आहे. तरी ही शिक्षिका त्यात जशीच्या तशी सापडत नाही. म्हणूनच कागद येत राहतात. लेखणी कोऱ्या भागावर टेकते. बायकोला शिकवू न देण्याचा अधिकार शास्त्राप्रमाणे नवऱ्याला आहे. तुम्ही श्वास रोखता. पण मग ते वाट दाखवतात. हा नवरा मला नको, असं तिने सांगितलं तर त्याला फारकत द्यावी लागेल. तिचं कराराचं धन बुडेल. पण ती स्वतःची मालकीण होईल आणि हवं त्याला शिकवील. याच तंट्यावर नवऱ्याच्या बाजूचा कागदही त्यांच्यापुढे आला होता, दोन्ही बाजू आज वाचता येतात. खाली सही: आणि मोशेने लिहिलं.

कागद बाईंना नेऊन द्या. त्या काय ठरवतील, ते त्यांच्यावर सोडा. तो कागद पुढे फाटला, विटला तरी फेकला जाणार नाही. हिब्रू अक्षरं आहेत, कुठे देवाचं नाव असेल. शामींच्या सिनेगॉगमध्ये बायकांच्या सज्जाच्या टोकाला भिंतीत उंचावर एक भगदाड आहे. शिडी लावून जुने कागद आत टाकतात. दाखले, लग्नाचे करार, भाकरीच्या याद्या, दाविदने प्रवासातून धाडलेलं पत्र, रब्बेनूंच्या हातची उत्तरं, सगळं त्या अंधाऱ्या कोठडीत साचत जातं. 1896 च्या डिसेंबरात केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर कैरोला निघतील आणि ते कागद केंब्रिजला नेतील. तिथे त्यांची संख्या 1,93,000 च्या आसपास भरते. रब्बेनूंची साडेचारशेच्या आसपास उत्तरं आज आपल्यापर्यंत पोचली आहेत.

परतण्यापूर्वी एका पत्रात डोकावा, कारण त्यात आपल्याकडची बातमी आहे. फ्रान्समधल्या लूनेलच्या पंडितांना रब्बेनू कळवतात, की हिंदुस्थानातल्या ज्यूंना तोराचं ज्ञान नाही, ते फक्त शब्बाथ पाळतात आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. हे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल असावं, असं काही अभ्यासक मानतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने ज्यांना शनिवार तेली म्हटलं, ते हे लोक. ग्रंथ नाही, रब्बी नाही, आणि तरी आठवड्यातला एक दिवस पिढ्यान्‌पिढ्या सुटला नाही. त्यांच्यातल्याच सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. ते आजही आहे, इमारत मात्र पुढे नव्याने बांधलेली.

कधी त्या बाजूला गेलात, किंवा अलिबाग-रेवदंड्याकडे एखादं इस्रायली कुटुंब ओळखीचं निघालं, तर बिचकू नका. शनिवारी काय करता, आणि का करता, ते जरूर विचारा. शंका विचारणाऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्या गुरूने माफी मागावी, असा या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या शास्त्र्याने निवाडा देऊन ठेवला आहे.